डीआरओचं सेटिंग: आकडा दिसतो, पण तो खरा आहे का?

मिलिंग मशीनवर किंवा लेथवर नवा डीआरओ (डिजिटल रीडआउट, म्हणजे स्लाइड किती सरकली ते आकड्यात दाखवणारा पडदा) बसवला की आकडे लगेच धावू लागतात आणि आपण त्यांच्यावर विश्वास टाकून मोकळे होतो. पण सेटिंग चुकलेला डीआरओ चुकीचा आकडासुद्धा तीन दशांश स्थळांपर्यंत तितक्याच ठामपणे दाखवतो. म्हणून प्रत्येक सेटिंग केल्यावर स्लाइड हलवून ते तपासायचं, ही सवय सुरुवातीलाच लावून घ्या.

आधी स्केल, म्हणजे स्लाइडची चाल मोजणारी पट्टी बघा. स्केल स्लाइडच्या चालीला समांतर बसली आहे का, हे डायल गेज फिरवून पाहा आणि फरक मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत आणा. स्केल वाचणाऱ्या रीडिंग हेडचे स्क्रूही घट्ट हवेत. इथली चूक मेनूतून सुधारत नाही.

आता सेटिंगचा मेनू उघडा. बऱ्याच डीआरओंमध्ये त्यासाठी, पॉवर दिल्यावर स्वयंचाचणी सुरू असतानाच ठरावीक बटण दाबावं लागतं. सुरुवात रिझोल्यूशनपासून, म्हणजे स्केल मोजू शकते त्या सर्वांत लहान अंतरापासून करा. स्केलवर ५ मायक्रॉन लिहिलं असेल तर त्या अक्षासाठी ०.००५ मिमीच निवडा. 'जास्त बारीक दिसेल' म्हणून १ मायक्रॉन निवडलं, तर टेबल १० मिमी सरकल्यावर पडद्यावर २ मिमी दिसेल.

मग दिशा. मिलिंगवर टेबल सरकतं, पण आकडा मात्र जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) तुलनेत टूल कुठे आहे ते सांगतो. टेबल डावीकडे गेलं की टूल जॉबच्या उजवीकडे जातं, म्हणून तेव्हा एक्सचा आकडा वाढायला हवा. उलटा असेल तर त्या अक्षाची दिशा बदला. एकाच अक्षाची दिशा उलटी राहिली, तर भोकांचा अख्खा पॅटर्न आरशातल्या प्रतिमेसारखा पडतो, आणि हे बहुतेक वेळा ड्रिलिंग संपल्यावरच लक्षात येतं.

लेथवर क्रॉस स्लाइडसाठी त्रिज्या की व्यास, ते ठरवा. व्यास निवडला असेल तर स्लाइड १ मिमी आत गेल्यावर आकडा २ मिमीने बदलला पाहिजे.

बॅकलॅश भरपाई शून्य ठेवा. लीनियर स्केल टेबलाची चाल थेट मोजते, त्यामुळे स्क्रूमधल्या ढिलाईचा आकड्याशी संबंध येत नाही. ती भरपाई स्क्रूवर बसवलेल्या रोटरी एन्कोडरसाठी असते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रेषीय भरपाईला, म्हणजे लांबीच्या प्रमाणात वाढणारी चूक सुधारण्याला. मशीनच्या हेडवर लिव्हर डायल (लिव्हरचा डायल गेज) पक्का बसवा. टेबलावर पक्क्या धरलेल्या चौकोनी ठोकळ्याच्या फेसवर तो टेकवा, डायल शून्यावर आणा आणि डीआरओही शून्य करा. टेबल मागे घ्या, ठोकळ्याच्या फेसला १०० मिमीची स्लिप गेज (नेमक्या लांबीचा प्रमाण ठोकळा) लावा आणि त्याच दिशेने परत येऊन डायल पुन्हा शून्यावर आणा. डीआरओने १००.००० दाखवायला हवं. ९९.९८५ दिसलं तर १०० मिमीत ०.०१५, म्हणजे मीटरमागे ०.१५ मिमीची चूक. निदान तीन वेळा मोजा, आकडे जुळले तरच भरपाई भरा. अधिक-उणे चिन्हाचा अर्थ प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असू शकतो. भरपाई भरून पुन्हा मोजल्यावर चूक दुप्पट झाली, तर चिन्ह बदला.

हे काम घाईत करू नका. लांबीच्या मोजमापाचं प्रमाण तापमान २०° सेल्सिअस आहे. हातात धरून १०० मिमीची पोलादी स्लिप नुसती ५ अंशांनी तापली, तरी ती जवळपास ६ मायक्रॉनने वाढते, म्हणजे ५ मायक्रॉनच्या स्केलच्या एका काउंटपेक्षा (सर्वांत लहान पायरीपेक्षा) जास्त. स्लिप पुसून मशीनजवळ ठेवा, तिचं आणि मशीनचं तापमान एक होऊ द्या.

शेवटी मिमी-इंच बटण दाबून पाहा: २५.४०० मिमीवर १ इंच दिसायला हवा. मग स्केलवरचा रेफरन्स मार्क (कायमची खूण) शोधून घ्या, म्हणजे वीज गेली आणि टेबल हललं तरी जुना शून्य परत मिळवता येतो. भरलेले सगळे आकडे तारखेसह कागदावर लिहून मशीनवरच चिकटवा. कुणाच्या हातून सेटिंग पुसलं गेलं, तर ते पुन्हा भरायला दोन मिनिटं पुरतात.