अपाचे कॅमलमध्ये डायनॅमिक राउटिंग: या चुका टाळा

अपाचे कॅमल ही वेगवेगळ्या सिस्टिममध्ये मेसेज पोचवणारी जावा लायब्ररी. तिच्यात मेसेज कुठे जाणार हे रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ठरत असेल (हेच डायनॅमिक राउटिंग), तर चूकही रनटाइमलाच कळते, आणि बऱ्याचदा एररशिवाय. सर्वात नेहमीची म्हणजे साध्या 'टू'च्या (दिलेल्या पत्त्यावर मेसेज पाठवणारी पायरी) पत्त्यात डॉलर आणि महिरपी कंसात हेडरचं (मेसेजसोबत जाणारी जोड-माहिती) नाव लिहिणं. 'टू' ते एक्सप्रेशन सोडवतच नाही. ब्रोकर (मेसेज साठवून पुढे देणारा सर्व्हर) स्वतःहून क्यू (मेसेजची रांग) तयार करणारा असेल तर डॉलरसकट नावाची क्यू उभी राहते आणि मेसेज तिथे साचतात. यासाठी 'टू-डी' वापरा, ते पत्ता रनटाइमला सोडवतं. पण यूआरआयमध्ये (म्हणजे पत्त्यात) ग्राहक क्रमांकासारखी सतत बदलणारी व्हॅल्यू घालू नका, नाहीतर कॅश (वापरलेल्या पत्त्यांचा साठा) नको त्या पत्त्यांनी भरते. तिची डिफॉल्ट मर्यादा १००० आहे.

खरा घोळ डायनॅमिक राउटरचा, म्हणजे पुढचा पत्ता तुमच्या मेथडकडून घेणाऱ्या पायरीचा. तो तुमच्या मेथडला एकदाच विचारतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यानंतर तो पुन्हा विचारतो, 'आता कुठे?' उत्तरात नल (काहीच नाही) मिळेपर्यंत हे थांबत नाही. नल परत करायचं राहिलं की एकच मेसेज त्याच क्यूत पुन्हापुन्हा पडतो, सीपीयू चढतो आणि लॉगमध्ये तोच आयडी वाहत राहतो. मग कुठे थांबायचं हे कळावं म्हणून 'किती टप्पे झाले' हे बीनच्या (ती मेथड असलेल्या जावा ऑब्जेक्टच्या) फील्डमध्ये साठवलं जातं. एका मेसेजच्या टेस्टमध्ये ते छान चालतं. लोड आला की अनेक थ्रेड तेच फील्ड बदलतात आणि मेसेज भलत्याच वाटेला लागतात. ही मोजणी एक्स्चेंज प्रॉपर्टीत (त्या एका मेसेजपुरत्या नोंदीत) ठेवा. परत केलेल्या यूआरआयमध्ये स्वल्पविराम असेल तर त्याचे दोन पत्ते होतात, हेही बघा. माझं मत विचाराल तर, निर्णय एकदाच घ्यायचा असेल तिथे डायनॅमिक राउटर नकोच. टू-डी किंवा रेसिपियंट लिस्ट (यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर मेसेज पाठवणारी पायरी) पुरते.

एचटीटीपीवरून आलेला मेसेज पुढे एचटीटीपीनेच पाठवताना भलत्याच यूआरएलला ४०४ येत असेल, तर आधी हेडर तपासा. आत येताना लागलेली 'कॅमल-एचटीटीपी' हेडर तशीच पुढे जातात आणि तुमचा पत्ता बदलतात. पाठवण्याआधी ती काढून टाका. बाहेरून आलेल्या हेडरवरून थेट पत्ता बनवणं तर टाळाच. परवानगीची यादी ठेवा. २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-२७६३६ ही सुरक्षा-त्रुटी याच जातीची: 'कॅमल' हेडर गाळणारा फिल्टर लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने चकवता येत होता. कॅमलच्या ४.१०.२, ४.८.५ आणि ३.२२.४ या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली.

'चॉइस'ला (अटींनुसार वाट निवडणारी पायरी) 'अदरवाइज', म्हणजे कुठलीच अट न जुळल्यास घ्यायची वाट, द्या आणि तिथून मेसेज वेगळ्या क्यूत टाका. पुढे रॅबिटएमक्यू हा ब्रोकर असेल तर आणखी एक: कुठल्याच बाइंडिंगला (मेसेज कुठल्या क्यूत जाणार हे ठरवणारा नियम) न जुळणारा मेसेज, मँडेटरी फ्लॅग (असा मेसेज परत पाठवायला सांगणारी खूण) किंवा अल्टरनेट एक्स्चेंज (अशा मेसेजची पर्यायी वाट) नसेल तर, गुपचूप टाकून दिला जातो. पब्लिशर कन्फर्म (मेसेज मिळाल्याची ब्रोकरची पोच) मात्र तरीही येतो.