स्टोरीवर आलेले रिप्लाय सांभाळायचे कसे?

आमच्या वहिनी जुळे सोलापुरात घरूनच शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी विकतात. इन्स्टाग्रामचं अकाउंट त्यांचं, पण रात्री नोकरीवरून आल्यावर ते बघायचं काम माझं. संक्रांतीच्या तोंडावर, सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू झालेली असताना, त्यांनी भर दुपारी एक स्टोरी टाकली. चटणीच्या परातीचा फोटो, खाली प्रश्नाचा स्टिकर, म्हणजे बघणाऱ्याला उत्तर लिहायची चौकट: 'काय पाठवू सांगा'. स्टोरी टाकली, फोन फ्रिजवर ठेवला आणि त्या भाकरी थापायला बसल्या.

रात्री मी विचारलं, "काय आलं का ओ वहिनी?"

"कुठलं काय भाऊजी, मेसेज दोनच. एक मावशीचा."

स्टोरी उघडून खालून वर सरकवली तर पाहणाऱ्यांच्या यादीच्या वर बासष्ट उत्तरं पडलेली. प्रश्नाच्या स्टिकरची उत्तरं मेसेजच्या खान्यात येत नाहीत, ती त्या स्टोरीच्याच पोटात साठतात, आणि नोटिफिकेशन वहिनींनी कधीच बंद करून टाकलेलं. बासष्टातल्या निम्म्या लोकांनी तोवर गड्ड्यावरच खरेदी उरकली असणार.

त्या दिवसापासून जी पद्धत बसवली ती खाली लिहितोय. तुमचा धंदा चटणीचा असो, चादरींचा असो की शिकवणीचा, फार फरक पडणार नाही.

आधी वेळ बघा, मग स्टोरी टाका

स्टोरी २४ तास राहते म्हणून माणूस निवांत राहतो. आमचा अनुभव असा की खरे गिऱ्हाईक पहिल्या दोन-तीन तासांतच बोलतं. त्या वेळेत तुम्ही फोनपाशी नसाल तर प्रश्न विचारणारी स्टोरी टाकूच नका, नुसता फोटो टाका. आमच्याकडे साधा नियम आहे: नळाला पाणी यायच्या दिवशी प्रश्न नाही. सोलापूरकरांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही. मधे काही दिवस जाऊन येणारं पाणी भरायचं की 'रेट काय ताई' ला उत्तर द्यायचं?

वहिनींची स्टोरी आता संध्याकाळी सातला जाते. साडेसात ते नऊ रिप्लायचे. पुण्याचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने द्यायचं असेल तर तेवढ्यात ठरतंही.

कोणता स्टिकर, किती काम

स्टिकर निवडताना दिसायला कोणता छान यापेक्षा मागून किती काम येणार हे बघा.

पोल सगळ्यात स्वस्त. लोक बोट टेकवतात, तुम्हाला टाइप करावं लागत नाही. वर सरकवून पाहिलं की कुणी कशाला मत दिलं हे नावासकट दिसतं, आणि हेच खरं सोनं आहे. 'चटणी तिखट की मध्यम?' विचारलंत की मध्यमवाल्यांची यादी आयती हातात. पुढच्या वेळी मध्यम तिखट केली की त्यांनाच आधी कळवायचं. क्विझ आणि इमोजीचा सरकता स्लायडर ही करमणूक, धंद्यात त्यांचा फारसा उपयोग मला दिसला नाही.

प्रश्नाचा स्टिकर सगळ्यात महाग. प्रत्येक उत्तर म्हणजे दारात उभा राहिलेला माणूस. म्हणून प्रश्न मोकळा ठेवू नका. 'काहीही विचारा' वर काहीही येतं. 'पार्सलबद्दल काय विचारायचंय?' असं बांधून विचारलं तर उत्तरंही बांधेसूद येतात.

रिप्लाय कुठे कुठे लपतात

इन्स्टाग्रामवर निदान चार ठिकाणी बघावं लागतं. स्टोरीला दिलेला साधा रिप्लाय मेसेजमध्ये येतो. अनोळखी माणसाचा रिप्लाय बऱ्याचदा 'रिक्वेस्ट' मध्ये जातो, आणि नवीन गिऱ्हाईक म्हणजे अनोळखीच, त्यामुळे हा खाना रोज उघडायचा. त्याच्याही आत लपवलेल्या रिक्वेस्टचा एक खाना असतो; तिथे कचरा जास्त, पण आठवड्यातून एकदा डोकवा. पोल आणि प्रश्नांची उत्तरं स्टोरीत. नुसता बदाम दाबला असेल तर तो पाहणाऱ्यांच्या यादीत दिसतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं.

स्टोरी उडाली म्हणून घाबरू नका. सेटिंगमध्ये स्टोरी अर्काइव्हला साठवायचं बटण चालू असेल तर ती तिथे सापडते. पण कुणी पाहिली ही यादी टाकल्यापासून ४८ तासच दिसते. यादी हवी असेल तर त्याच्या आत उतरवून घ्या.

व्हॉट्सअॅप स्टेटसचं गणित वेगळं. तिथला रिप्लाय सरळ चॅटमध्ये येतो, शोधाशोध नाही. मात्र तुमचं स्टेटस दिसायला त्या माणसाकडे तुमचा नंबर सेव्ह हवा आणि तुमच्याकडे त्याचा. 'वहिनी, तुमचं स्टेटसच दिसत नाही' अशी तक्रार आली की आधी हे तपासा. निम्म्या वेळा आपणच नंबर सेव्ह केलेला नसतो.

चाळणी लावा

वरून खाली येतील तसे रिप्लाय देत बसलात तर पहिला अर्धा तास 'मस्त', 'वा', 'तोंडाला पाणी सुटलं' यातच जातो. ज्याला दोन किलो हवी तो सगळ्यात खाली वाट बघत बसतो.

वहिनींची चाळणी अशी: आधी तक्रार. डबा फुटला, तेल सांडलं, पार्सल पोचलं नाही, असं काही असेल तर बाकी सगळं थांबतं. मग अर्धं ठरवून आलेलं गिऱ्हाईक, म्हणजे 'कोथरूडला येतंय का', 'किती दिवस टिकते', 'उद्या मिळेल का' विचारणारे. हे लोक खिशात हात घालून उभे असतात. दहा मिनिटं उशीर झाला की दुसरीकडे वळतात. त्यानंतर नुसतेच भाव विचारणारे. कौतुक सगळ्यात शेवटी, आणि त्याला त्या मेसेजवर बोट दाबून बदाम दिला तरी पुरतं. अपवाद एकच, कुणी चार ओळी लिहून कौतुक केलं असेल तर त्याला दोन ओळी लिहायच्याच.

शेजारी एक दोनशे पानी वही असते. नाव, माल, वजन, गाव, पैसे आले का. फोनमध्ये सगळं आहे हे खरं, पण पीठ लागलेल्या हाताने वही उलटता येते, स्क्रीन चालत नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस वापरत असाल तर त्यातली लेबलं याच कामाची आहेत. नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले अशी तयार मिळतात, नावं बदलून मराठीत करता येतात. आम्ही एक वाढवलं: 'पार्सल गेलं'.

तयार उत्तरं, पण आपल्या तोंडची

दिवसाला तोच प्रश्न वीस वेळा येतो. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात, तिरकी रेघ दाबली की समोर येतात. इन्स्टाग्रामवर ही सोय प्रोफेशनल अकाउंटला मिळते. ते फुकट आहे. फक्त बिझनेस प्रकार निवडलात तर स्टोरीला लावायची बरीचशी सिनेमाची गाणी मिळेनाशी होतात. गाण्यांवाचून चालत नसेल तर क्रिएटर प्रकार घ्या.

उत्तर मात्र बँकेच्या पत्रासारखं लिहू नका. पहिल्यांदा मी मोठ्या हौसेने लिहून दिलं होतं: 'आपल्या स्वारस्याबद्दल धन्यवाद. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' वहिनी म्हणाल्या, "प्रतिनिधी कोण ओ? मीच की." मग त्यांनी सांगितलं तसं उतरवलं:

'नमस्कार. चटणी पाव किलो १२० रुपये, कडक भाकरी दहाचं पाकीट ८० रुपये. सोलापुरात घरून न्यायची, बाहेरगावी पार्सल खर्च वेगळा. किती हवी आणि गाव कोणतं तेवढं सांगा, मी हिशोब करून पाठवते.'

शेवटचं वाक्य नीट बघा. उत्तर संपताना समोरच्याला काय लिहायचं ते सांगून ठेवलंय. ते नसलं की 'ओके' येतं आणि बोलणं तिथेच मरतं. तयार उत्तर टाकल्यावर सुरुवातीला त्या माणसाचं नाव मात्र हाताने घाला.

आणि जी गोष्ट वीस जण विचारतात ती स्टोरीवरच लिहून टाका. 'रेटसाठी मेसेज करा' ही पद्धत मला मुळीच आवडत नाही. त्याने मेसेज वाढतात, गिऱ्हाईक वाढत नाही. चादरीच्या दुकानवाल्या मित्राला 'असली सोलापुरी का पानिपतची?' हा प्रश्न रोज यायचा. त्याने चादरीवरच्या लेबलचा जवळून घेतलेला फोटो, मापं आणि भाव अशी एक स्टोरी हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम दिसेल अशी, पक्की करून ठेवली. आता तो तिकडेच पाठवतो.

भाषेचं म्हणाल तर सोलापूर आहे. एकाच स्टोरीला 'रेट सांगा की ओ' येतं, कन्नडातलं 'एष्टु?' येतं, तेलुगूतलं 'एंत?' येतं आणि दखनीतला 'कित्ते का दिये?' पण येतो. ज्या भाषेत आलं त्या भाषेत निदान पहिला शब्द तरी द्या. वहिनींना कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. त्या सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, आणि अक्कलकोट, विजापूरकडच्या बायकांना ते लिहिलेल्यापेक्षा जास्त आवडतं.

रिप्लाय परत स्टोरीवर टाकताना

प्रश्नाच्या स्टिकरवरचं उत्तर तिथूनच शेअर केलं तर लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट टाकला तर नाव, फोटो सगळं उघडं. ही चूक आम्ही केलीय. एका मुलाने आईच्या वाढदिवसाला चटणी-भाकरीचा डबा गुपचूप मागवला होता, 'आईला सांगू नका' असं लिहून. आम्हाला ते इतकं गोड वाटलं की नाव न झाकता टाकून दिलं. आईही वहिनींना फॉलो करत होती. मुलगा रागावला नाही, पण नंतर त्याने ऑर्डरही दिली नाही.

तेव्हापासून विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. 'हे टाकू का? नाव झाकून टाकते' एवढं विचारायला किती वेळ लागतो? फोन नंबर आणि पत्ता तर हो म्हणाले तरी झाकायचाच.

भंकस, त्रास आणि फसवणूक

बाईचं अकाउंट आहे म्हटल्यावर रात्री अकरानंतर 'हाय डियर' येणारच. उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' करा: त्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, तुम्ही वाचलं की नाही हे त्याला दिसत नाही, आणि त्याला तसं कळवलंही जात नाही. ब्लॉक केलं तर काही जण दुसऱ्या अकाउंटवरून येतात, म्हणून मी आधी हेच करतो. 'हिडन वर्ड्स' मध्ये नकोसे शब्द घालून ठेवले की ते असलेल्या रिक्वेस्ट बाजूला पडतात. शिव्या देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत अशा दोन्ही घाला, लोक दोन्हीत देतात. ही यादी करताना आम्ही दोघंही संकोचलो. शेवटी वहिनींनी कागदावर लिहून दिली. स्टोरीला रिप्लाय कुणी द्यायचा, सगळ्यांनी, काहींनीच की कुणीच नाही, हेही सेटिंगमध्ये ठरवता येतं.

पैशाचं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. 'पैसे पाठवले' म्हणून आलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या किंवा यूपीआयच्या अॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय डबा बांधायचा नाही. कुणी मोठी ऑर्डर देऊन 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील' म्हणाला की समजा गडबड आहे. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. 'तुमचं अकाउंट बंद होणार, या लिंकवर जा' असे मेसेजही येतात, लिंक उघडायची नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.

विचारलंत ना, मग सांगा

पोल घेऊन गप्प बसणारे दुकानदार पुष्कळ आहेत. लोकांनी मत दिलं, पुढे काय झालं त्यांना कळत नाही, दुसऱ्यांदा ते बोट टेकवत नाहीत. दुसऱ्या दिवशी निकालाची स्टोरी टाका, आणि मतामुळे तुम्ही काय केलं ते दाखवा.

तिखट-मध्यमच्या पोलात तिखटच जिंकणार होतं, त्यात नवल नाही. पण एकोणीस जणांनी मध्यम म्हटलं. वहिनींनी त्यांच्यासाठी मिरची कमी घालून चार किलोची वेगळी चटणी कुटली, कुटताना उखळात तेल सुटलेलं जवळून शूट केलं, वर लिहिलं: 'मध्यमवाले, तुमची झाली तयार.' त्या एकोणीस जणांना मेसेजही गेला. चौदा जणांनी घेतली. उरलेल्यांपैकी एकीने लिहिलं, 'ताई, अजून थोडी कमी तिखट होईल का, लेकराला द्यायचीय.'

त्यावर नवा पोल घ्यायचा आहे. उद्या पाणी आहे, म्हणून स्टोरी परवा.