थंड रात्रीच्या आधीची दुपार: विदर्भातल्या रब्बीसाठी हिवाळी सल्ला

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या पहाटे आमच्या वावरात जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. वरच्या धुऱ्याकडची वांगी जशीच्या तशी उभी होती, आणि नाल्याला लागून असलेल्या पाच-सहा ओळींची पानं ऊन वर येईपर्यंत उकडल्यासारखी काळी पडली. वाण एकच, लागवड एकच, खतही तेच. आदल्या दिवशी दुपारी लाईन, म्हणजे वीज, होती तेव्हा वरच्या अर्ध्या वावराचं ओलीत झालं. खालचं रात्रीच्या लाईनवर करू म्हणून ठेवलं, आणि त्या गारठ्यात कोणी बाहेर पडलं नाही.

तेव्हापासून थंडीची लाट म्हटली की मी रात्रीचा विचार करत नाही, आदल्या दुपारचा करतो.

थंड हवा जड असते. ती उताराने पाण्यासारखी खाली सरकते आणि खोलगट जागी, नाल्याकाठी, बांधाच्या आडोशाला साचते. त्यामुळे एकाच शेतात वर आणि खाली दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय मोबाईलवर दिसणारं किमान तापमान हे सावलीतल्या, जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या तापमापकाचं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पिकाच्या उंचीवर गारवा त्याहून जास्त असतो. बातमीत ८ अंश ऐकलं तर नाल्याकाठच्या मिरचीला ५-६ अंश सोसावे लागतील असं धरून चाला.

लाट येण्याची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. उत्तर भारतात पश्चिमेकडून आलेला पावसाळी पट्टा पुढे सरकतो, हिमालयात बर्फ पडतो, आणि त्याच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे वारे मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे उतरतात. आपल्या गावात ते असं कळतं: दोन दिवस आभाळ राहतं, रात्री उबदार वाटतात, मग आभाळ एकदम धुतल्यासारखं मोकळं होतं आणि वारा उत्तरेचा होतो. ढग ही रात्रीची गोधडी आहे. ती निघाली की दिवसभर तापलेली जमीन सगळी ऊब वर सोडून देते. किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. पण वारा फिरला की कामाला लागायचं, घोषणेची वाट पाहायची नाही. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज रोज पाहा, आणि मेघदूत ॲपवरचा आपल्या जिल्ह्याचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी उघडायची सवय लावून घ्या.

पाणी कोणाला द्यायचं, कोणाला नाही

ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सावकाश सोडते. कोरडी, भुसभुशीत माती हे करत नाही. म्हणून लाट येणार असेल तर आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत भाजीपाला, पपई, नवीन लावलेली कलमं यांना हलकं पाणी द्या. सुरुवात खोलगट भागापासून करा. त्याच दोन दिवसांत डवरणी किंवा खुरपणी करू नका, कारण मोकळी केलेली माती लवकर गार होते. पाणी स्प्रिंकलरने देणार असाल तर पानं दिवस मावळायच्या आत सुकतील अशा बेताने लवकर बंद करा. ओली पानं घेऊन पीक रात्रीत गेलं तर गारवाही वाढतो आणि रोगही.

गव्हाला थंडी हवीच असते, त्याची काळजी वेगळी. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, ते पाणी चुकवू नका. त्यानंतर कांडी धरताना ४०-४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६०-६५ आणि दाणा भरताना ८०-८५ दिवसांनी. पाणी दोनच होणार असेल तर मुकुटमुळांचं आणि फुलोऱ्याचं धरा.

हरभऱ्याला मात्र थंडीच्या नावाने पाणी देऊ नका. भारी काळ्या जमिनीत तो आधीच ओलीवर बसलेला असतो. जादा पाणी झालं की पीक नुसतं माजतं, नाहीतर उभळतं, म्हणजे उभं वाळतं. फुलं लागायच्या सुमारास एक आणि घाटे भरताना एक, तेही जमिनीला भेगा पडायच्या आधी, एवढं पुष्कळ झालं.

संत्र्याच्या बाबतीत तर उलटीच चूक होते आणि ती दरवर्षी दिसते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांसाठी, ताणावर सोडलेल्या (पाणी तोडलेल्या) बागेला काही जण थंडीला घाबरून पाणी देतात. १३ अंशांच्या खाली संत्र्याची वाढ थांबते, आणि त्या विसाव्यातच झाड फुलांची तयारी करतं. म्हणजे जी थंडी वांग्याला मारते तीच आंबियाचा बहार घडवते. मध्येच पाणी दिलं तर ताण मोडतो आणि फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, येते. ताण तोडायचा तो जमिनीप्रमाणे, साधारण जानेवारीच्या मध्यापासून. आधी आंबवणीचं हलकं पाणी, मग तीन-चार दिवसांनी चिंबवणी, म्हणजे भरपूर पाणी. मृगाची, म्हणजे पावसाळ्यातल्या बहाराची, फळं झाडावर असलेल्या बागेला ओल टिकवावीच लागते, तिथे हा नियम नाही. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोपं) टाकणाऱ्यांनी वाफ्यात संध्याकाळी विहिरीचं पाणी भरावं आणि सकाळी गार झालेलं काढून टाकावं.

दिवसाचं पाणी, दिवसाच्या उन्हावर

हे सगळं दिवसा पाणी हातात असेल तरच जमतं. बऱ्याच फीडरवर अजून आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री अशी लाईन असते. जानेवारीच्या रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दांडात पाय घालणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. साप, रानडुक्कर, आणि जंगलालगतच्या गावांत वाघ-बिबट्याची धास्ती. शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न म्हणून मी सौर पंपाकडे आधी पाहतो, वीजबिल त्यानंतर. रात्री आपली मोटार फिरते ती बहुतांशी कोळशावर, आणि ते कोळसे जळतात कोराडी, खापरखेडा, पारस आणि २९२० मेगावॅटच्या चंद्रपूरला, म्हणजे आपल्याच उशाशी. ती राख आपल्याच नद्यांच्या काठांवर साचते आहे.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात, असा हिशेब आहे. दुरुस्तीची हमी ५ वर्षांची आहे आणि विमाही आहे. कागद जपून ठेवा, आणि पंप बसला त्या दिवशीच पॅनलचे फोटो काढून ठेवा.

ज्यांच्याकडे पंप आहे त्यांना हिवाळ्यातल्या काही गोष्टी कोणी सांगत नाही. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस पावणेअकरा तासांचाच असतो, आणि पंप जोर धरतो तो साधारण दहा ते साडेतीन. पाण्याची पाळी त्यातच बसवा. गार हवेत पॅनल चांगलं काम करतं. २५ अंशांच्या वर जितकं तापेल तितकी त्याची ताकद घटते, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. म्हणून निरभ्र जानेवारीची दुपार मे महिन्याच्या दुपारीपेक्षा वाईट नसते. फक्त सूर्य दक्षिणेला खाली झुकलेला असतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून ४५-४६ अंशांवरच येतो. तुमच्या पॅनलच्या सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर हिवाळ्यासाठी ते जास्त उभं करा.

आणि सावली बघा. आमच्या पंपाचं पाणी एका डिसेंबरात अकरानंतर अचानक कमी व्हायचं. मोटार काढायच्या बेतात होतो. एके दिवशी तिथेच डबा खायला बसलो, तेव्हा दिसलं की दक्षिणेच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाची एक फांदी एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली धरून आहे. पॅनल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात, एक अडलं की सगळी माळ मंदावते. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो तेव्हा ती सावली तिथे नव्हतीच. झाड तोडायची गरज पडली नाही, एक फांदी छाटली आणि पाणी परत आलं.

धूळ हे दुसरं दुखणं. पावसाळा गेल्यापासून पॅनलवर पाणी पडलेलं नसतं. तुरीच्या मळणीचं कुटार उडतं, त्यावर दव बसतं आणि त्याचा लेप होतो. आठ-दहा दिवसांनी पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी मारू नका.

शेततळं किंवा टाकं असेल तर उन्हाच्या दिवशी ते भरून ठेवा. सलग दोन दिवस आभाळ राहिलं की सौर पंप रडतो, आणि आभाळ फाकल्यावर लगेच लाट येते. ते साठवलेलं पाणी तेव्हा कामी पडतं.

पऱ्हाटी

डिसेंबरअखेर कपाशी आवरा. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या, दोन वेच्यांसाठी उभी ठेवलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) म्हणजे गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत दिलेलं घर. २०१७ साली त्या अळीने काय केलं ते यवतमाळपासून अकोल्यापर्यंत कोणी विसरलेलं नाही. शेवटच्या वेच्यानंतर शेळ्या-मेंढ्या बसवा. त्या पानं आणि हिरवी बोंडं खातात. उरलेली किडकी बोंडं गोळा करून नष्ट करा. पऱ्हाटीची गंजी वावराच्या धुऱ्यावर लावू नका.

पण वावरात काडी लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. एकरी जवळजवळ एक टन लाकूडच असतं ते. हिवाळ्यात रात्री जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. जी थंडी खोलगट वावरात साचते, तिच्याचसोबत धूरही गावावर साचतो आणि सकाळी नऊपर्यंत हलत नाही. आमच्या गल्लीत त्या दिवसांत म्हाताऱ्यांचा खोकला मोजता येतो. बागेच्या कडेला पहाटे ओल्या काडीकचऱ्याचा धूर करायची जुनी पद्धत आहे. वारा पडलेला असेल तर तिचा थोडा उपयोग होतो, पण पाच एकर पऱ्हाटी पेटवणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

ट्रॅक्टरचा श्रेडर गावात मिळत असेल तर पऱ्हाटीचा भुगा करून जमिनीत मिसळा. हा भुगा कुजताना जमिनीतलं नत्र ओढतो, म्हणून शेणकाला किंवा थोडा युरिया सोबत द्या आणि पुढच्या पेरणीपर्यंत वेळ राहू द्या. रब्बीचं पीक त्यावर लगेच टाकू नका. पऱ्हाटी विकत घेणारे पेलेट-ब्रिकेटवालेही आता फिरतात, कारण औष्णिक केंद्रांना कोळशात शेतातला काडीकचरा मिसळण्याचं बंधन आहे. एकट्याची गाडी भरत नाही. चार-पाच जणांनी मिळून एका जागी गोळा केलं तर भाव बोलता येतो.

ज्यांच्याकडे गोबर गॅस आहे त्यांचा गॅस थंडीत कमी पडतो, कारण आतले जिवाणू मंदावतात. शेण पहाटे कालवू नका. दुपारी, उन्हात ठेवलेल्या पाण्यात कालवून टाका. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, तितकंच पाणी. घुमटावर कुटाराची जाड पसरण द्या. जळतणाची पऱ्हाटी कमी लागली की घरातल्या बाईच्या डोळ्यांना किती फरक पडतो, ते तिलाच विचारा.

ढगाळ दिवस आणि गारपीट

आभाळ आलं की हरभऱ्यात घाटेअळी आणि तुरीत शेंगा पोखरणारी अळी वाढते. एकरी दोन कामगंध सापळे (नर पतंगांना मादीच्या वासाने ओढणारे) आणि वीसेक पक्षीथांबे आधीच लावा. तुराट्यांचे थांबेही चालतात, खर्च नाही. फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क मारा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर नऊ लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून त्यात एक लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण घालायचा आणि शंभर लिटर करायचं. एका मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की विषाणूजन्य एचएएनपीव्ही संध्याकाळी फवारा. उन्हात तो लवकर निकामी होतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारे येतात, वरून पश्चिमेचे गार वारे मिळतात आणि गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सोंगलेला हरभरा आणि तुरीची गंजी उघड्यावर ठेवू नका, ताडपत्री आधीच आणून ठेवा. मृगाची संत्री तोडणीला आली असतील आणि अंदाजात गारा असतील तर भावाची वाट पाहू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवा. कडकडाट सुरू झाला की झाडाखाली आणि सौर पॅनलच्या सांगाड्याखाली थांबू नका.

गोठ्यात बारदानाचे पडदे उत्तरेच्या बाजूने लावा. करडांना खाली कोरडं कुटार टाका. पेटलेली शेगडी बंद गोठ्यात किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.