पिकअपचं खरं अ‍ॅव्हरेज असं काढा

हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या पिकअपच्या डॅशवरचा आकडा बहुधा चढाच असतो. त्यावर महिन्याच्या डिझेलचा हिशेब मांडू नका.

१. टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा.
२. निदान अर्धी टाकी संपेपर्यंत नेहमीसारखी चालवा.
३. त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा फुल. किलोमीटर भागिले लिटर: ४२० किमीला ३५ लिटर, म्हणजे १२.

वडोदऱ्यात मांडवीच्या गर्दीतलं आणि अहमदाबाद एक्सप्रेसवेवरचं अ‍ॅव्हरेज वेगवेगळंच काढा. मागे माल होता का, तेही टिपा.

मात्र पंपवाल्याला ‘राउंड करतो’ म्हणून वरून डिझेल घालू देऊ नका. सगळा हिशेब तिथेच बिघडतो.