लॉनचा उन्हाळा: होळीच्या आत भोकं पाडून घ्या

थंडीत पिवळं पडलेलं लॉन फेब्रुवारीत पुन्हा फुटायला लागतं आणि आपण निर्धास्त होतो. नाशकात लॉनची खरी तयारी करायची ती याच दिवसांत. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकल्यावर जे कराल ती मलमपट्टी. त्यामुळे इथलं बहुतेक सगळं होळीच्या आत उरकायचं आहे.

पाइप गळतोय का, स्प्रिंकलरची भोकं तुंबलीत का, ते बघून घ्या. तण दिसेल तसं उपटा. लव्हाळा मात्र नुसता ओढू नका. वरची पात हातात येते, गाठ खाली राहते आणि आठवड्यात पुन्हा डोकं वर काढते. खुरप्यानं गाठीसकट काढा.

आता मुख्य काम. जमिनीला भोकं पाडा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून एवढंच राहिलं. पाणी रोज होतं, खत वेळेवर होतं, तरी एप्रिलअखेर गेटपासून ओट्यापर्यंतचा पट्टा आधी राखाडी झाला आणि मग वाळला. पाणी कमी पडतंय असं वाटून वाढवलं, तर ते फरशीवरून गटारीत जायला लागलं. शेवटी पाणी दिल्यावर तासाभरानं एक लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसला. वरचं बोटभर सहज गेला, पुढे शिरेचना. जोर लावून घुसवला आणि बाहेर काढला, तर टोकाला कोरडी धूळ. गवताची सगळी मुळं त्या वरच्या बोटभर थरात अडकली होती आणि तो थर दुपारपर्यंत वाळत होता.

आपल्याकडची काळी माती फार बारीक कणांची. त्यावर रोज चालणं, मशीन फिरवणं, पोरांचं क्रिकेट. कण दबून एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि पाणी आत मुरत नाही. बऱ्याच बंगल्यांत तर खाली मुरमाचा किंवा बांधकामाच्या मलब्याचा भराव आणि वर ट्रकनं आणून पसरलेली वीतभर काळी माती असते. तिथे मुळांना जागा मुळातच कमी. दाबलेल्या जमिनीत ना औषध कामाचं ना खत. स्क्रू ड्रायव्हर आजच खुपसून बघा, उद्यावर टाकू नका.

भोकं पाडायची ती वाफशावर. माती बुटाला चिकटत असेल तर थांबा, ढेकूळ कडक असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टोकरला की फुटावा, एवढी ओल हवी. पोकळ नळ्यांचं अवजार मिळालं तर उत्तम, कारण मातीची गुळी बाहेर येते आणि भोक मोकळं राहतं. नाहीतर चार दातांचा फोर्क घ्या. पायानं दाबून 8 ते 10 सेंटीमीटर आत घाला, दांडा किंचित मागे ओढा, काढा आणि चार बोटं सोडून पुन्हा. काम कंटाळवाणं आहे, तरी कडेकडेनं उरकू नका. जिथे पाय सगळ्यांत जास्त पडतात तिथे जवळजवळ पाडा. मग जाड वाळू आणि चाळलेलं गांडूळखत मिसळून वर पसरा, खराट्यानं भोकांत लोटा आणि भरपूर पाणी द्या. माळीमामा हमखास म्हणतील, "साहेब, रोलर फिरवून देतो, सपाट होईल." नको म्हणा. भोकं पाडून लगेच रोलर फिरवला तर केलेलं सगळं पुन्हा दाबून टाकाल.

भोकं झाली असतील तरच पुढचं वाचा. झाली नसतील तर आधी ती पाडा.

मशीनचं पातं धार लावून आणा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि फाटलेली टोकं दोन दिवसांत पांढरी पडतात. कापण्याची उंची वाढवा. हरळीचं लॉन उन्हाळ्यात 4 ते 5 सेंटीमीटर ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उंच पात स्वतःच्याच मुळांवर सावली धरते. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, म्हणजे काड्या बुडापर्यंत छाटतात, म्हणून लॉनचीही करायला जाऊ नका. वेलीकडे जाड खोडात साठा असतो, गवताकडे तेवढा नसतो.

पाणी मोजून द्या. 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर. आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर लागतं, म्हणजे 500 चौरस फुटांना सुमारे 1160 लिटर. ते रोज शिंपडू नका, दोन-तीन वेळांत विभागून खोलवर द्या. स्प्रिंकलरखाली सरळ कडांचे चार-पाच रिकामे डबे ठेवा, किती मिनिटांत किती पाणी साचतं ते पट्टीनं मोजा, एकदाच काय तो हिशेब होऊन जातो. वेळ पहाटेची. रात्रभर ओली राहिलेली पात बुरशी धरते. चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले आणि रंग निळसर-राखाडी वाटला, तर गवत तहानलेलं आहे. पण पाणी वाढवण्याआधी पुन्हा तोच स्क्रू ड्रायव्हर. आत जात नसेल तर दुखणं पाण्याचं नाही, दबलेल्या जमिनीचं आहे.

गंगापूर धरणाचं नळाला येणारं पाणी आधी पिण्यासाठी. कपात लागली तर लॉनचा हट्ट सोडा. हरळी असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी दिलं तरी मूळ जगतं. वरून पिवळी दिसेल, दिसू द्या. बोअरचं पाणी वापरत असाल आणि मातीवर पांढरा थर येत असेल तर ते क्षार आहेत, पाणी तपासून घ्या. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लॉनला अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. साबणाचंही नको. तांदूळ-भाजी धुतलेलं चालेल.

खत फेब्रुवारीअखेर. युरिया चौरस मीटरला 10 ग्रॅम, कोरड्या पातीवर, आणि लगेच पाणी. एप्रिल-मेमध्ये युरिया नाही. अर्धकच्चं शेणखत कधीच नाही, तण आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही घेऊन येतं.

अवकाळी पाऊस झाला तर दोन दिवस लॉनवर कोणालाही पाय ठेवू देऊ नका. ओली काळी माती सगळ्यांत लवकर दबते. सुट्टीतलं क्रिकेट, हळदीचा मांडव, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या यांनीही तेच होतं, जमत असेल तर दुसरी जागा शोधा. दबलीच, तर ऐन मेमध्ये भोकं पाडू नका, उघडी पडलेली मुळं उन्हात सुकतात. पावसानंतर वाफशावर पाडा.

मे महिन्यात फक्त पाणी आणि कमी वावर. वळवाच्या सरी पडल्या की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात का बघा. जमत असतील तर हुमणीची तयारी चालू आहे, फांद्या हलवून गोळा करा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मृगाचा पाऊस बसला की मोकळ्या जागी हरळीचे तुकडे लावा, पाण्याचा पाइप गुंडाळा आणि कापण्याची उंची हळूहळू खाली आणा.