मिस्टरी शॉपिंगचा रिपोर्ट परत येऊ नये म्हणून

मिस्टरी शॉपिंग म्हणजे कंपनीच्या सांगण्यावरून साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि तिथल्या सेवेचा रिपोर्ट द्यायचा. या कामाच्या नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्या कंपनीच्या नादी लागू नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

काम घेण्याआधी ब्रीफ (कंपनीने दिलेल्या सूचना) नीट वाचा: दुकानात किती वेळ थांबायचं, काय विचारायचं, किती रुपयांपर्यंतचं बिल परत मिळणार. आत शिरताना वेळ बघा, सेल्समनच्या बिल्ल्यावरचं नाव लक्षात ठेवा आणि बाहेर पडल्या पडल्या टिपून घ्या. आतच लिहीत बसलात तर ओळख उघडी पडते.

घोळ हमखास होतो तो बिलाचा. थर्मल कागदावरची छपाई उन्हातान्हात पुसट होते, म्हणून बिल सपाट ठेवून त्याच दिवशी फोटो काढा; तारीख, वेळ, रक्कम स्पष्ट दिसली पाहिजे. ‘सेवा वाईट होती’ हे निरीक्षण नव्हे. ‘काउंटरवर 4 मिनिटं कुणी विचारलं नाही’ असं लिहा.