गेम प्ले स्टोअरवर चढवण्याआधी: खेळाडूच्या माहितीची तयारी

दोघा-तिघांनी मिळून अँड्रॉइडसाठी गेम केला की शेवटच्या पंधरवड्यात सगळं लक्ष आयकॉन, स्क्रीनशॉट आणि ट्रेलरकडे जातं. प्रायव्हसी पॉलिसी आदल्या रात्री कुठून तरी उचलून, नाव बदलून चिकटवली जाते. मराठी शब्दकोडी, सापशिडी, क्विझ असे खेळ करणाऱ्या छोट्या टीमसाठी ही तयारी लिहिते आहे. गेम कोणाची कोणती माहिती घेणार हे कोड लिहिताना, एसडीके (दुसऱ्या कंपनीने दिलेला तयार कोडचा संच) निवडताना ठरून गेलेलं असतं. पॉलिसी त्याचं फक्त वर्णन करते. म्हणून हे काम रिलीजच्या आधी किमान महिनाभर हातात घ्यावं.

सुरुवातीला एक शीट उघडा आणि रकाने पाडा: कोणती माहिती, कशासाठी, कुठे साठते, कोणाला दिसते, कधी पुसली जाते. गेममधली प्रत्येक गोष्ट त्यात बसवा. नाव, मोबाइल नंबर, ईमेल, फोटो, स्कोअर, खेळण्याची वेळ, फोनचं मॉडेल, जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेली खूण), आयपी पत्ता, सगळं. ‘कशासाठी’च्या रकान्यात ‘पुढे उपयोगी पडेल’ असं लिहावं लागलं तर ती ओळ खोडा आणि कोडमधूनही काढा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीच्या कलमात स्वतःच एक उदाहरण दिलं आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं अ‍ॅप फोनमधल्या संपर्क यादीचीही परवानगी मागतं, वापरणारी व्यक्ती ‘हो’ म्हणते, तरीही त्या यादीपुरती ती संमती धरली जात नाही, कारण सल्ला देण्यासाठी यादीची गरजच नाही. सापशिडीला तर ती त्याहून कमी लागते. मित्रांना बोलवायचं असेल तर अँड्रॉइडची नेहमीची शेअरची खिडकी उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक जाते, परवानगी लागत नाही. प्रोफाइल फोटोसाठी फोटो पिकर आहे, त्यालाही परवानगी लागत नाही. आणि शब्दकोड्याला लॉगिन खरंच हवं का, हा प्रश्न टीममध्ये एकदा मोकळेपणाने विचारा. प्रगती फोनमध्येच साठवली तर शीटमधल्या निम्म्या ओळी आपोआप गळतात.

पैशांचं थोडक्यात. प्ले बिलिंग (प्ले स्टोअरची पैसे घेण्याची सोय) वापरलं तर कार्डाचा नंबर आपल्याकडे येतच नाही, ऑर्डरची खूण येते, तेवढीच ठेवा. खेळाडूने पैसे लावायचे आणि जिंकले की रोख काढायचे असं काही डोक्यात असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्यावर बंदी आहे. तो गेम करूच नका.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा, बाहेरून आणलेले एसडीके. जाहिरातींचा एक, अ‍ॅनालिटिक्सचा एक, क्रॅश रिपोर्टचा एक, पुश नोटिफिकेशनचा एक, आणि मार्केटिंग करणाऱ्याने सुचवलेला, खेळाडू कोणत्या जाहिरातीमुळे आला ते मोजणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूशनचा एक. प्रत्येक जण आपापल्या सर्व्हरशी बोलतो, आणि प्ले स्टोअरच्या नियमांप्रमाणे ते जे उचलतात त्याची जबाबदारी आपली असते. हे गांभीर्याने घ्यायला एक जुनं प्रकरण पुरेसं आहे. बंगळुरूची इनमोबी ही जाहिरात कंपनी हजारो अ‍ॅपमध्ये बसलेली होती. खेळाडूने लोकेशनला नकार दिला तरी आजूबाजूच्या वायफाय नेटवर्कच्या माहितीवरून ती ठिकाण काढत होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१६ मध्ये कंपनीने ९,५०,००० डॉलर भरले. लहान मुलांची अ‍ॅपही त्यात होती. अ‍ॅप करणाऱ्यांनाही कंपनीने चुकीची माहिती दिली होती, असं कमिशनचं म्हणणं होतं. म्हणून शीटमध्ये प्रत्येक एसडीकेसाठी वेगळी ओळ करा, त्याच्या कंपनीने दिलेली डेटाची माहिती स्वतः वाचा, आणि एकच काम करणारे दोन एसडीके असतील तर एक काढून टाका.

कागदावरच्या या यादीवर विसंबू नका, बिल्डमध्ये, म्हणजे फोनवर जाणाऱ्या तयार गेममध्ये, काय शिरलं ते बघा. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट (गेमच्या परवानग्या लिहिलेली फाइल) उघडला की खाली ‘मर्ज्ड मॅनिफेस्ट’ नावाचा टॅब असतो. आपण न लिहिलेल्या, एसडीकेने स्वतःहून आणलेल्या परवानग्या तिथे दिसतात. गुगलच्या जाहिरात एसडीकेमधून जाहिरात आयडीची परवानगी अशीच येते. युनिटी हे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी: प्रोजेक्टमधल्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये मायक्रोफोनचा क्लास वापरलेला असेल तर युनिटी आवाज रेकॉर्ड करण्याची परवानगी आपणहून जोडते. कोणी कधी तरी आवाजाचा प्रयोग करून पाहिला, फीचर बाद झालं, स्क्रिप्ट फोल्डरमध्येच राहिली, आणि शब्दकोडं माइक मागायला लागलं. खेळाडूच्या मनात शंका यायला तेवढं पुरतं, आणि ती शंका रास्तच असते. प्रत्येक परवानगीसमोर कारण लिहा. कारण नसलेली मॅनिफेस्टमधून काढा.

यानंतरची चाचणी अर्ध्या दिवसाची आहे आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. एक जुना फोन घ्या, गेमचं डिबग बिल्ड (चाचणीसाठीचं बिल्ड) टाका आणि त्याचं नेटवर्क लॅपटॉपवरच्या मिटमप्रॉक्सीसारख्या, फोनमधून काय बाहेर जातं ते दाखवणाऱ्या टूलमधून वळवा. अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप आपण टाकलेलं सर्टिफिकेट मानत नाही, त्यामुळे डिबग बिल्डच्या नेटवर्क सिक्युरिटीच्या फाइलमध्ये तेवढी मुभा द्यावी लागते. मग गेम उघडा आणि कशालाही हात लावू नका. समोर संमतीची खिडकी आहे, खेळाडूने अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. लॅपटॉपवर बघा: या क्षणी काही गेलं का? जाहिरातींचं आणि अ‍ॅनालिटिक्सचं एसडीके सहसा गेमच्या पहिल्याच सेकंदाला सुरू केलेलं असतं. म्हणजे खिडकी दिसते आहे तोवर फोनचं मॉडेल, भाषा, जाहिरात आयडी निघूनही गेलेलं असतं. ‘हो’ म्हटल्यानंतरच एसडीके सुरू होईल असा बदल करा. ‘नाही’ म्हटल्यावर गेम तसाच चालतो का तेही खेळून बघा, कारण कायद्याला हवी असलेली संमती मोकळी आणि बिनशर्त आहे, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. सेटिंग्जमध्ये तो स्विच पहिल्या पानावर ठेवा.

वयाचा मुद्दा छोट्या टीमला सगळ्यांत जड जातो. अमेरिकेच्या कोप्पा या मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या कायद्यात १३ वर्षांखालच्या मुलांचा विचार आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यात १८ पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती मूल आहे. म्हणजे अकरावी-बारावीतली मुलंही. त्यांची वैयक्तिक माहिती वापरायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवणं आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नियमभंगाचा दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील अशी मुदत त्यात आहे. आज चढवलेला गेम मे २०२७ मध्येही स्टोअरवर असणारच, तेव्हा तयारी आत्ताच करा.

आईवडिलांची पडताळणी डिजिलॉकरसारख्या मार्गाने करता येईल अशी सोय नियमांत आहे, पण तीन जणांच्या टीमने ती यंत्रणा उभी करणं अवघड आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे: मुलं खेळणार असतील तर लॉगिन ठेवू नका, नाव विचारू नका, अ‍ॅनालिटिक्स काढा. जाहिराती ठेवायच्याच असतील तर अ‍ॅडमॉब या गुगलच्या जाहिरात सेवेत मुलांसाठीची खूण लावून वैयक्तिक जाहिराती बंद करा. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे थोडी किंमत लावून बिनजाहिरातीचा गेम द्या. मराठी पालक मुलांच्या पुस्तकाला पैसे देतात, अशा गेमलाही देतील असा माझा विश्वास आहे. वय विचारायचं असेल तर जन्मवर्ष विचारा, आधीपासून कुठलंही वर्ष भरून ठेवू नका आणि ‘१८ च्या पुढच्यांनाच प्रवेश’ असं शेजारी लिहू नका. तसं लिहिलं की मुलं काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. प्ले कन्सोलमध्ये (गेम स्टोअरवर चढवण्याच्या साइटवर) वयोगट निवडतानाही कार्टूनसारखी पात्रं ठेवून ‘१८ च्या पुढे’वर टिक करू नका.

गप्पा आणि लीडरबोर्ड (जास्त गुणवाल्यांची यादी) हेही याच विषयात येतात. फोर्टनाइट या गेमची कंपनी एपिक गेम्स हिला डिसेंबर २०२२ मध्ये मुलांच्या माहितीच्या प्रकरणात साडेसत्तावीस कोटी डॉलर मोजावे लागले. आवाजी आणि लेखी गप्पा आपोआप सुरू ठेवल्या होत्या आणि मुलं अनोळखी लोकांसमोर जात होती, हा त्यातला एक मुख्य आरोप होता. गप्पांचं फीचर नसेल तर घालू नका. असेल तर बंद अवस्थेत द्या. लीडरबोर्डवर खरं नाव, शाळा, गाव यांपैकी काहीही नको. टोपणनावं आपणच बनवून द्या, ‘चपळ खार’, ‘शूर गरुड’ अशी, आणि पुढे आकडा. मुलांना ती आवडतातही.

खेळाडूला द्यायची सूचना मराठीत लिहा. कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचण्याचा पर्याय खेळाडूला द्यायचा आहे, आणि गेमच मराठी असेल तर सूचना इंग्रजीत ठेवण्याला काय अर्थ? ‘आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो’ हे वाक्य वगळून टाका. ‘तुमचा स्कोअर आणि तुम्हाला दिलेलं टोपणनाव आमच्या सर्व्हरवर राहतं. खातं पुसलंत की दोन्ही ३० दिवसांत पुसलं जातं.’ असं लिहा. आजीला वाचून दाखवा, तिला कळलं पाहिजे.

सर्व्हरकडे वळा. फायरबेस या गुगलच्या सेवेतला डेटाबेस ‘टेस्ट मोड’मध्ये सुरू केला की ३० दिवस तो सगळ्या जगाला वाचायला आणि लिहायला मोकळा असतो. मुदत संपली की गेम बंद पडतो, आणि घाईघाईत कोणी तरी तारीख पुढे ढकलतं. तसं करू नका. एपीके, म्हणजे फोनवर गेम टाकण्याची फाइल, ही एक झिप फाइल असते, कोणीही ती उघडून त्यातली ‘की’ (सर्व्हरशी जोडणारी खूण) काढू शकतं, त्यामुळे डेटाबेसचं खरं कुलूप म्हणजे कोणी काय वाचावं-लिहावं हे ठरवणारे त्याचे नियम. लॉगिन न केलेल्या ब्राउझरमधून स्वतः डेटाबेस वाचून बघा. फायरस्टोअर हा फायरबेसचा डेटाबेस वापरलात तर जागा निवडताना मुंबईचा विभाग उपलब्ध आहे, आणि ती जागा एकदा निवडली की बदलता येत नाही. पासवर्ड स्वतः साठवू नका. झिंगासारख्या मोठ्या गेम कंपनीतून २०१९ मध्ये सुमारे १७ कोटी खात्यांची माहिती फुटली, त्यात ईमेल आणि हॅश केलेले (मूळ रूप लपवलेले) पासवर्डही होते. क्रॅश रिपोर्टमध्ये आणि अ‍ॅनालिटिक्सच्या इव्हेंटमध्ये ईमेल किंवा मोबाइल नंबर जातो आहे का तेही शोधा. डिबगिंगच्या सोयीसाठी घातलेली एखादी ओळ तिथे हमखास सापडते.

पुसण्याची व्यवस्था आधी बांधा. खातं उघडू देणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये ते पुसण्याचा मार्ग गेममध्येही हवा आणि वेबवरही, गेम फोनवरून काढून टाकलेल्यांसाठी. एक खोटं खातं तयार करा, पुसा, आणि मग डेटाबेस, बॅकअप, लीडरबोर्ड अशा प्रत्येक ठिकाणी त्याचा माग घ्या. क्रॅशलिटिक्स (फायरबेसचं क्रॅश रिपोर्टचं टूल) आपले अहवाल ९० दिवस ठेवतं, हे पॉलिसीत लिहा.

माहिती फुटलीच तर काय करायचं, याचा एक पानाचा कागद तयार ठेवा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षेच्या यंत्रणेला सहा तासांत कळवायचं आहे. नव्या नियमांप्रमाणे बाधित खेळाडूंना आणि डेटा संरक्षण मंडळाला विलंब न लावता, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर. कोण कळवणार, लॉग कुठे आहेत, खेळाडूंना जाणाऱ्या पत्राचा मसुदा कोणता, हे त्या कागदावर असू द्या. गणपतीच्या सुट्टीत टीम गावाला गेली असली तरी एकाकडे लॅपटॉप आणि पासवर्ड हवेत.

मग प्ले कन्सोलचा ‘डेटा सेफ्टी’ फॉर्म. शीट नीट भरली असेल तर तासाभराचं काम. फोनमध्येच राहणारी माहिती ‘गोळा केली’ यात धरत नाहीत, फोनबाहेर जाणारी धरतात, मग ती एसडीकेने नेलेली का असेना. पॉलिसीची लिंक उघड्या वेब पानाची हवी, पीडीएफ चालत नाही. आणि वैयक्तिक खात्यावरून गेममधून पैसे मिळवणार असाल तर स्टोअरवर तुमचा पूर्ण पत्ता दिसतो. घरून काम करणाऱ्यांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलींनी, हे खातं उघडण्याआधीच ठरवावं. संस्थेचा पत्ता घरचा नसेल तर संस्थेचं खातं हा त्यावरचा मार्ग आहे.

नव्या वैयक्तिक खात्याला रिलीजआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवसांची बंद चाचणी करावी लागते. त्या दोन आठवड्यांत प्रॉक्सीची चाचणी शेवटच्या बिल्डवर पुन्हा करा, कारण मधल्या काळात कोणी ना कोणी एसडीकेची आवृत्ती वाढवलेली असते. प्रत्येक अपडेटच्या वेळी मर्ज्ड मॅनिफेस्टचा जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून बघा, फरक शीटमध्ये आणि फॉर्ममध्ये उतरवा. चाचणी संपली की त्या बारा जणांच्या ईमेलची यादी ड्राइव्हमधून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून आणि एक्सेलमधून काढून टाका.